दोरीवरचं मत

तोंडात चिमटा धरून लाँड्रीताई उशीचा अभ्रा दोरीवर टाकत होत्या, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी त्यांना आपल्या पक्षाची माणसं दिसली. खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक मुलगी, आणि तिच्यामागून पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून चालणारा एक उंच तरुण. ताईंनी घाईघाईनं चिमटा लावला, ओले हात गाऊनला पुसले आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. आरशासमोर उभं राहून केस सारखे केले. मग दाराजवळची खुर्ची जराशी वळवून तिच्यात बसल्या, सहज बसल्यासारख्या.

खिडकीतून गल्ली दिसत होती. मुलगी शेजारच्या तरुण जोडप्याच्या दाराशी थांबली, बोलली, हसली, पत्रक देऊन निघाली. मग ताईंच्या बुटक्या भिंतीपाशी आली. अंगणातल्या दोरीवर तिनं एक नजर फिरवली, तरुणाकडे पाहून मान किंचित डावीकडे हलवली, आणि दोघं पुढच्या घराकडे गेली.

बेल बिघडली असेल, असं ताईंना आधी वाटलं. त्यांनी बाहेर जाऊन ती दाबून पाहिली. ती एवढ्या जोरात वाजली, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग त्यांना वाटलं, आपलं घर पक्कंच धरलं असणार, पक्क्या घरी कशाला वेळ घालवतील. हा विचार बरा होता. चहा गाळून घेईपर्यंत तो टिकला. पण ती मान काही डोक्यातून जाईना, कारण ती मान त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांनीच शिकवली होती.

ताईंची सगळी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात गेली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, बाळंतिणींचे झगे. कपडा हातात आला, की तो घालणारं माणूस त्यांना दिसायचं. नवरा वीजखात्यात लाइनमन. दोघं, सासू-सासरे आणि पुढं मुलगा, एवढी सगळी एका खोलीत राहायची. त्या दिवसांत पक्षानं घरांचा प्रश्न हाती घेतला आणि ताई पक्षात आल्या. तेव्हाचे कार्यकर्ते एकेका दारात उभे राहून तासन्‌तास वाद घालायचे, घसा बसवून घ्यायचे आणि संध्याकाळी कार्यालयात येऊन, माणसं ऐकत नाहीत, म्हणून कपाळाला हात लावायचे. ताई एकदा म्हणाल्या, माणसांना विचारता कशाला, त्यांच्या दोऱ्या बघा.

आधी सगळे हसले. मग ताईंनी त्यांना एका गल्लीतून फिरवलं. ही लंगोटांची रांग पाहा, इथं तान्हं आहे, यांना पाळणाघर हवं, हे घर आपलं. या दोरीवर तीन तरुणांच्या पँट्स आणि एकही चादर नाही, हेही आपले, फक्त मतदानाच्या दिवशी यांना झोपेतून उठवावं लागेल. इथं शाळेचे गणवेश आहेत, हे डळमळीत. गणवेशाला टाय लागला की सोडून द्या. इथं नवऱ्याचे कपडे एका दोरीवर आणि बायकोचे दुसऱ्या, म्हणजे एक मत इकडे, एक तिकडे. आणि जिथं दोनच बनियन, एक मऊ झालेली चादर आणि गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर असेल, ते घर समोरच्या पक्षाचं. तिथं बेल वाजवायची नाही. मान डावीकडे हलवायची आणि पुढं व्हायचं.

अंदाज चुकायचे, पण इतके थोडे, की पुढच्या निवडणुकीपासून पक्षात ही पद्धतच होऊन बसली. ताईंना त्याचा अभिमान होता. एखाद्या गल्लीत शिरल्यावर त्यांना वाटायचं, सगळी घरं आपल्याशी आपणहून बोलताहेत. प्रत्यक्षात कुणी काही बोलत नसे, बोलायला वेळच दिला जात नसे, हा भाग वेगळा.

नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि निवृत्तीनंतर ताई साठवलेल्या पैशातून घेतलेल्या या घरात राहायला आल्या. गेल्या निवडणुकीत गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून प्रचार चुकला. तेवढ्यात कार्यालयातली माणसं बदलली. हे ताईंना माहीत होतं. पण माणसं बदलली म्हणून कुणी आपल्याच दारावरून पुढं जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. हकिगत सांगताना त्यांचा आवाज चढला. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. तो कॉलेजात असताना पक्षासाठी भिंती रंगवायचा. लग्न झालं तसा गप्प झाला, घराचं कर्ज काढलं तेव्हापासून उघड उघड समोरच्यांचा झाला. ताईंनी तेव्हा त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. तो एवढंच म्हणाला होता, की आई, मी तुझ्याच नियमानं चाललोय.

"आज दोरीवर काय होतं तुझ्या?" त्यानं विचारलं.

"दोरीवर काय असणार? कपडे."

"बाहेर जाऊन बघ तरी."

ताईंनी फोन ठेवला. चांगलाच राग आला होता. पण थोड्या वेळानं त्या चपला घालून फाटकाबाहेर गेल्या आणि ती मुलगी उभी होती तिथं उभ्या राहिल्या. उशीचा एकच अभ्रा. धुऊन धुऊन पातळ झालेले दोन गाऊन. एक टॉवेल. टोकाला, जरा वेगळा वाळत घातलेला, गुडघ्याचा पट्टा. वाचायला क्षणही लागला नाही. एकटी बाई, वय झालेलं, घर स्वतःचं, पेन्शन चालू. समोरच्यांचं घर. त्यांना कबूल करावं लागलं, की मुलीनं काही चूक केली नव्हती. त्यांनीसुद्धा इथं बेल वाजवली नसती.

एवढ्यावरच थांबलं असतं, तर ताईंनी कार्यालयात फोन करून दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपवला असता. पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांनी मुलालाही सांगितली नव्हती. या खेपेला पक्षानं रिकाम्या खोल्यांवर कर लावायचं ठरवलं होतं. घरात माणसांपेक्षा खोल्या जास्त असतील त्यांनी कर भरायचा, आणि त्या पैशातून तरुण जोडप्यांसाठी घरं बांधायची. एका खोलीत पाच माणसं राहायची तेव्हा ही कल्पना कुणी काढली असती, तर ताईंनी त्या माणसाला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. आता त्यांच्या घरात दोन खोल्या रिकाम्या होत्या. एकीत शिवणयंत्र होतं. दुसरी मुलासाठी ठेवलेली होती. तो वर्षातून एकदा येई, कधी तेही नाही, पण ताई रोज ती झाडत आणि खिडकी उघडून हवा खेळवत. ती खोली रिकामी आहे, असं पत्रकात कुणी म्हणावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. पेपरातून आलेलं ते पत्रक वाचल्यावर पहिल्यांदाच त्यांना वाटलं, यांचं डोकं ठिकाणावर आहे का. आणि लगेच वाटलं, यांचं म्हणजे कुणाचं.

दुसऱ्या दिवशी समोरच्यांचा माणूस आला. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरे केस, हातात टोपी. त्याला फाटकातूनच वाटेला लावायचं, असं ठरवून ताई बाहेर गेल्या.

"ऑपरेशन कुठल्या गुडघ्याचं झालं?" त्यानं विचारलं. "पट्टा दिसला दोरीवर."

ताईंना धक्काच बसला. ही युक्ती समोरच्यांकडे कधी गेली? त्या धक्क्यातच त्यांनी त्याला आत बोलावलं. तो पाणी प्यायला. स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. बायको गेल्यापासून तिच्या वाचनाची खोली तशीच ठेवलीय, म्हणाला. कराबद्दल फार काही बोललाच नाही. तो गेल्यावर पेला विसळताना ताईंच्या लक्षात आलं, की बोलणं चालू असताना आपण मान हलवत होतो. डावीकडे नव्हे, वरखाली.

त्यांना रडू आलं. बरं, कशाचं, तेही धड कळेना. मत बदललं म्हणावं, तर ते बदललं आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. पक्षाचं पत्रक वाचलं की राग येई. समोरच्यांचं पत्रक वाचलं की त्याहून जास्त येई. आपण आपल्या विचारानं इतकी वर्षं इकडे होतो, की केवळ एका खोलीत पाचजण होतो म्हणून? आणि आता तिकडे गेलो, तर तो आपला विचार, की गुडघ्याचा? त्यांना एकच गोष्ट मनापासून हवी होती. आपल्या माणसांपैकी कुणीतरी रविवारच्या मतदानाच्या आत यावं, समोर बसावं, भांडावं आणि आपल्याला परत न्यावं.

पण कुणी येणार नव्हतं. त्यांनीच तसा नियम केला होता.

सकाळी ताईंनी ट्रंक उघडली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, नवऱ्याचा निळा कामाचा डगला होता. मुलाची झबली, टोपडी, दोन दुपटी. लंगोटांची कधीच फडकी झाली होती, म्हणून त्यांनी एका जुन्या मऊ चादरीचे नवे लंगोट फाडले. सगळं धुतलं, पिळलं, झटकलं. दोरीवर आधी लंगोट, मग झबली, मग डगला, त्याच्या शेजारी स्वतःच्या तरुणपणीचा फुलाफुलांचा ब्लाउज. गुडघ्याचा पट्टा आत नेऊन न्हाणीत टांगला. काम करताना त्यांना लाज वाटत होती आणि मजाही वाटत होती. मागं सरून पाहिलं तेव्हा दोरीवर त्यांचंच घर होतं, फार पूर्वीचं, माणसांनी भरलेलं. त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि मग आत गेल्या.

"काकू, नातू आला का?" शेजारच्या तरुण बाईनं भिंतीवरून विचारलं.

"हं," ताई म्हणाल्या.

शेजारीण आनंदानं, सावकाश येते हं बघायला, म्हणाली आणि ताईंना दिवसभर धास्ती लागून राहिली, की ती खरंच येते की काय. येऊन काय बघणार होती?

ती आली नाही. दुपार कलताना ती मुलगी आली. फेरीवरून परतताना गल्लीतून जात होती, तरुण बरोबर नव्हता. भिंतीपाशी थांबली, दोरी पाहिली, परत पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. बेलकडे गेलेला हात तिनं मागं घेतला आणि दारावर बोटाच्या टोकानं हलकेच टकटक केली.

"झोपलंय का?" ताईंनी दार उघडताच तिनं कुजबुजत विचारलं.

"कोण?"

मुलीनं दोरीकडे बोट केलं.

"हं. आत्ताच," ताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आपोआप खाली आला.

मुलगी उंबऱ्यातच उभी राहून कुजबुजत बोलायला लागली. पाळणाघरं, त्यांच्या वेळा, तरुण जोडप्यांची घरं. घरात बाळ आलं, की भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात, ती म्हणाली, आणि ताईंनी दाराची कडी घट्ट धरली. ते वाक्य त्यांचं होतं. सासूच्या खाटेखाली पाळणा सरकवताना सुचलेलं. पहिल्याच प्रचारात त्या ते बोलल्या होत्या, तेव्हा स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. मुलगी ते पाठ केल्यासारखं म्हणाली, पण गोड म्हणाली. ती जे बोलत होती ते सगळं बरोबर होतं. फक्त ते या घराला कुठंच लागू नव्हतं.

"बाळ आहे हे कपड्यांवरून ओळखलंस?" ताईंनी विचारलं.

"आमच्याकडे पद्धतच आहे तशी." मुलीच्या कुजबुजण्यातही ऐट होती. "लाँड्रीताईंची पद्धत. नवं माणूस आलं की पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"कुठं असतात त्या?"

"गेल्या त्या, आजी. बरीच वर्षं झाली म्हणे."

ताईंनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. अंगणात वाऱ्यानं डगल्याची एक बाही वर उचलली आणि सोडली.

"परवा इथूनच गेलीस तू. थांबली नाहीस."

"तेव्हा बाळ नव्हतं ना आलेलं. दोरी निराळी होती." मुलगी जराशी अडखळली. "म्हणजे, एकट्या म्हाताऱ्या माणसांचं ठरलेलं असतं, आजी. तिथं वेळ घालवून उपयोग नसतो. तुमच्याबद्दल नाही म्हणत मी."

"कळलं मला." ताई थांबल्या. "त्या तुमच्या लाँड्रीताई जगल्या असत्या, म्हाताऱ्या झाल्या असत्या, एकट्या पडल्या असत्या. मग त्यांच्या दारावरूनही पुढं गेला असतात?"

मुलगी हसली.

"त्यांचं काय. त्या आपल्याच."

"कशावरून?"

"म्हणजे…" मुलीच्या कपाळावर आठी पडली. तिनं पिशवीचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "त्या ताई होत्या."

उत्तर पुरेसं नाही, हे तिलाही जाणवलं असावं. तिनं पिशवीतून एक पत्रक काढलं, ताईंच्या हातात दिलं, वर आणखी एक दिलं. ताईंना तिची माया आली. पोरगी मन लावून काम करत होती. आपण तिच्या वयाच्या असताना इतक्या हळू आवाजात बोलायचं आपल्याला सुचलं नसतं, असंही त्यांना वाटलं. आता नुसतं हो म्हटलं असतं, तर ती खुशीत गेली असती, कार्यालयात जाऊन, एक घर वाढलं, असं सांगितलं असतं. कपडे उतरवून परत ट्रंकेत ठेवता आले असते. रविवार यायचा तसा आला असता.

"मग घर आपलं धरू ना?" मुलगी कुजबुजली. "मुलाला, सुनेलाही सांगा. निघते मी, बाळ उठेल."

"घरात बाळ नाही," ताई म्हणाल्या.

हे त्या कुजबुजल्या नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, आणि इतक्या वेळच्या कुजबुजीनंतर तो आवाज घरभर घुमला. मुलीनं दचकून आत पाहिलं. आत खुर्ची होती, टेबलावर दोन कप मांडून ठेवलेले होते, आणि त्यापलीकडे मुलाच्या खोलीचं दार, नीट लोटलेलं.

"मुलगा-सून इथं राहत नाहीत. कपडे जुने आहेत. मी एकटीच आहे." ताईंनी खुर्ची ओढली. "आणि माझं काही ठरलेलं नाही. ये, बस. मला पटव."

मुलगी पाय आत टाकून उभी राहिली. तिनं पिशवीत हात घातला, रिकामाच बाहेर काढला. तिनं ताईंकडे पाहिलं. ताई वाट पाहत होत्या. मग मुलीनं वळून पुन्हा एकदा दोरीकडे पाहिलं.